कपावर नाव छावणीचं

स्मरणिकेसाठी लेख मागताना आपल्या संपादक मंडळाने एक अट घातली. शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तेव्हा तू काहीतरी वेगळं लिही. माझं रोजचं काम डेटाबेसचं. रकाने, ओळी आणि याद्या यांतच माझा दिवस जातो. म्हणून मी एका यादीबद्दलच लिहायचं ठरवलं. ही यादी फुटबॉलची आहे, आणि तिच्यातल्या एका नावाने बरेच दिवस माझा पिच्छा सोडलेला नाही.

यादी आहे रोव्हर्स कपच्या विजेत्यांची. आपल्यातल्या ज्यांच्या घरी वडील किंवा काका फुटबॉलवेडे होते, त्यांना रोव्हर्स हे नाव सांगायला नको. वसईहून चर्चगेट लोकल पकडायची, शेवटच्या स्टेशनला उतरायचं आणि चालत कूपरेज मैदान गाठायचं, असा कितीतरी घरांचा शिरस्ता होता. पापडी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या आपल्या गावांत क्रिकेटइतकंच फुटबॉललाही घरचं स्थान आहे. पावसाळ्यात चर्चच्या पटांगणात चिखल तुडवत खेळणारी पोरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. ही स्पर्धा १८९१ साली मुंबईत सुरू झाली. शिमल्याचा ड्युरँड कप १८८८चा आणि कोलकात्याची आयएफए शील्ड १८९३ची. रोव्हर्स या दोघांच्या मधली. देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांमध्ये तिची गणना होते.

यादीची सुरुवात वाचताना एखाद्या पलटणीची हजेरी चालू आहे असं वाटतं. पहिला विजेता वूस्टरशर रेजिमेंटची पहिली बटालियन. मग वर्षामागून वर्षं गोऱ्या पलटणींचीच नावं. भारतीय संघ खेळत नव्हते असं नाही. १९११ साली मोहन बागानने अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला २-१ असं हरवलं आणि आयएफए शील्ड जिंकली, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. तोच मोहन बागान १९२३ साली रोव्हर्सच्या अंतिम फेरीत पोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून १-४ हरला. रोव्हर्स पहिल्यांदा भारतीय संघाच्या हाती लागला तो १९३७ साली. तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स.

तिथून यादीचा रंग बदलतो. १९३८ला पुन्हा बंगलोर मुस्लिम्स. १९४०ला कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. त्याच वर्षी या संघाने ड्युरँड कपही जिंकला, रॉयल वॉरिकशर रेजिमेंटला हरवून. १९४२ला बाटा स्पोर्ट्स क्लब, म्हणजे बूट बनवणाऱ्या कंपनीचा संघ. १९३७ ते १९४२ या सहा वर्षांत चार वेळा कप भारतीय संघांकडे गेला. ज्या वर्षी गवालिया टँकवर 'छोडो भारत'ची घोषणा झाली, त्या वर्षी रोव्हर्सही आपल्याच माणसांनी जिंकला होता. ही रेघ अशीच पुढे जाणार, असं कुणालाही वाटेल.

पण ती तशी जात नाही. १९४३ला विजेता रॉयल एअर फोर्स. १९४४ला ब्रिटिश बेस रीइन्फोर्समेंट कॅम्प, देवळाली. १९४५ला मिलिटरी पोलीस. १९४६ला पुन्हा देवळालीचा तोच कॅम्प. सलग चार वर्षं कप लष्कराकडे. १९४७ला स्पर्धाच झाली नाही. १९४८ला बंगलोर मुस्लिम्स परत आले, १९४९ला ईस्ट बंगालने कप नेला, आणि त्यानंतर ब्रिटिश लष्कराचं नाव यादीत पुन्हा कधीच दिसत नाही. म्हणजे रोव्हर्स जिंकणारा शेवटचा ब्रिटिश लष्करी संघ आपल्या देवळालीचा होता!

'आपल्या' म्हणते, कारण माझं सासर नाशिकरोडचं. वसई रोडहून दिव्यामार्गे कल्याण, तिथून कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी, मग देवळाली, हा प्रवास गेली वीस वर्षं मी करते आहे. सासरी सगळे देवळालीला नुसतं 'कॅम्प' म्हणतात. भाजी कॅम्पातून आणायची, दवाखाना कॅम्पातला. तो कुणाचा कॅम्प, कशासाठीचा कॅम्प, हे कुणी विचारत नाही. वसईच्या माणसाला लष्कर म्हटलं की किल्ला आठवतो, पोर्तुगीज आणि १७३९चे चिमाजी अप्पा आठवतात. तटबंदी, बुरूज, तोफा. देवळालीची छावणी अशी नव्हती. ती लढण्याची जागा नव्हती, थांबण्याची होती. फुटबॉलचं उत्तर मला शेवटी या थांबण्यातच सापडलं.

देवळालीला छावणी वसली १८६०च्या दशकात. मुंबईहून सुमारे १८० किलोमीटर अंतर, घाटावरची कोरडी हवा आणि दाराशी रेल्वे. इंग्लंडहून बोटीने आलेल्या गोऱ्या शिपायाला मुंबईच्या बंदरात उतरवायचं, आगगाडीने घाट चढवून देवळालीला आणायचं, हवा अंगवळणी पडू द्यायची आणि मग त्याच्या पलटणीकडे रवाना करायचं. परतीची वाटही हीच. नोकरीची मुदत संपलेले शिपाई घरी जाणाऱ्या बोटीची वाट बघत इथेच पडून राहायचे. सैन्याच्या बोटी साधारण हिवाळ्याच्या मोसमात सुटत. ज्याची मुदत बोटी बंद झाल्यावर संपली, त्याला महिनोन् महिने देवळालीत काढावे लागत. काम नाही, घर दूर, वर उन्हाळा. त्या रिकामपणात माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागत. यातूनच इंग्रजीत 'डूलॅली टॅप' हा वाक्प्रचार आला. डूलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. आजही इंग्लंडमध्ये डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात. म्हणणाऱ्याला नाशिक जिल्ह्याचा नकाशा माहीत असेलच असं नाही. बीबीसीवर १९७४पासून चाललेली 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका याच छावणीवरची. तिच्या दोन लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः युद्धकाळात देवळालीच्या तोफखान्यात होते.

दुसऱ्या महायुद्धात या छावणीवर मोठा भार पडला. १९४१ साली तोफखान्याचं प्रशिक्षण विद्यालय काकूलहून देवळालीला आलं, ते आजतागायत तिथेच आहे. जर्मन नागरिकांना स्थानबद्ध करण्यासाठीही देवळालीचा वापर झाला. पुढे तिबेटात पळून गेलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर डेहराडूनला नेला जाण्यापूर्वी काही काळ इथे होता. आणि जपानी सैन्य ब्रह्मदेश घेऊन आपल्या पूर्व सीमेवर येऊन थडकल्यावर इंग्लंडहून येणाऱ्या कुमकेचा ओघ वाढला. 'बेस रीइन्फोर्समेंट कॅम्प' म्हणजे कुमकेची तळछावणी. आघाडीवरच्या पलटणींत माणसं कमी पडली की इथून भरती करायची. आमच्या भाषेत सांगायचं तर ही एक रांग होती. एका टोकाने माणसं आत येत, दुसऱ्या टोकाने बाहेर जात.

मग प्रश्न असा की जिथे माणसं टिकतच नाहीत, तिथे संघ कसा उभा राहतो? फुटबॉलचा संघ म्हणजे एकमेकांची सवय. उजवीकडून पळणारा चेंडू कुठे टाकणार, हे मधल्याला न बघता कळलं पाहिजे. जुन्या पलटणींना ते जमायचं, कारण तीच माणसं वर्षानुवर्षं एका बराकीत राहत. देवळालीच्या छावणीकडे नेमकं तेच नव्हतं. तरीही तिने तीन वर्षांत दोनदा रोव्हर्स जिंकला.

माझ्या मते याचं उत्तर सैन्यातली माणसं बदलली यात आहे. युद्धापूर्वी हिंदुस्थानातला गोरा शिपाई पेशाने शिपाई होता. फुटबॉल हा त्याचा विरंगुळा. १९३९च्या सप्टेंबरात युद्ध पुकारलं गेलं आणि इंग्लंडमधल्या फुटबॉल लीगचे सामने थांबले. सक्तीच्या भरतीने खाणकामगार, कारकून, गिरणीतले मजूर आणि त्यांच्याबरोबर पगारी फुटबॉलपटूही गणवेशात आले. त्याचा परिणाम इंग्लंडमध्येच आधी दिसला. ऑल्डरशॉट हा लष्करी गावातला एक लहानसा क्लब. युद्धकाळात क्लिफ ब्रिटन, स्टॅन कलिस आणि जो मर्सर हे इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातले तिघे त्याच्याकडून खेळले, कारण त्यांची नेमणूक तिथल्या छावणीत होती. कुठला क्लब बलवान, हे आता लष्कराच्या बदलीच्या हुकुमावर ठरू लागलं होतं.

हिंदुस्थानातही अशी मोठी नावं आली. स्कॉटलंडकडून खेळलेला, हार्ट्स क्लबचा टॉमी वॉकर युद्धकाळात इथे होता. आर्सेनलचा डेनिस कॉम्प्टन महूच्या छावणीत होता. तो फुटबॉल आणि क्रिकेट दोन्ही खेळायचा. १९४५च्या मार्चमध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. होळकर संघाकडून खेळताना कॉम्प्टनने नाबाद २४९ धावा केल्या आणि तरी विजय मर्चंट यांच्या २७८ धावांच्या जोरावर सामना मुंबईने जिंकला. ब्रेबॉर्नपासून कूपरेज हाकेच्या अंतरावर आहे. हे दोघे देवळालीच्या संघात होते असं मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच की त्या वर्षांत बोटीतून उतरणाऱ्या शिपायांच्या कुठल्याही रांगेत एखादा खरा खेळाडू असू शकत होता, आणि सगळ्या रांगा देवळालीवरून जात होत्या. सवयीची उणीव संख्येने भरून निघाली असणार. हजारोंतून अकरा निवडायचे असतील, तर कुणीतरी चांगला सापडतोच.

म्हणूनच १९४३ ते १९४६ या चार ओळी वाचून 'भारतीय फुटबॉल मागे पडला' असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. आमच्या कामात हे वारंवार घडतं. आलेखात अचानक चढ दिसतो, वरिष्ठ मंडळी खूश होतात, आणि नंतर कळतं की मोजणारं यंत्रच मध्ये बदललं होतं. इथेही मैदानावरचे भारतीय खेळाडू तेच होते, समोरचा बदलला होता. आणि तो गेल्याबरोबर काय झालं तेही यादीत आहे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी रोव्हर्स जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनीच पुढे भारताला १९५१ आणि १९६२ची आशियाई सुवर्णपदकं मिळवून दिली आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत नेलं.

या यादीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १९४४ आणि १९४६ या दोन्ही वर्षांपुढे विजेत्याचं नाव एकच, पण छावण्या दोन वेगळ्या होत्या.

१९४४ सालची छावणी आघाडीच्या वाटेवरची होती. त्या वर्षी मार्चपासून जुलैपर्यंत इंफाळ आणि कोहिमाची लढाई चालली. देवळालीत उतरलेल्या पोराला आज ना उद्या आपल्याला पूर्वेकडची गाडी धरायची आहे हे माहीत होतं. आपण आज ज्यांना कॉलेजची मुलं म्हणू त्या वयाचे हे खेळाडू. कूपरेजवर त्यांनी कप उचलला तेव्हा पुढच्या मोसमात त्यांच्यातले किती जण खेळायला असतील, हे कुणी सांगू शकलं नसतं.

१९४६ची छावणी घराच्या वाटेवरची होती. १५ ऑगस्ट १९४५ला जपान शरण आला. आता सगळ्यांना घरी जायचं होतं आणि बोटी अपुऱ्या होत्या. कोण आधी जाणार याची ब्रिटिश सरकारने एक रीत ठरवली होती. वय आणि नोकरीचा काळ यांची सांगड घालून प्रत्येकाला गट क्रमांक दिला जाई. दोन महिन्यांची नोकरी म्हणजे एक वर्ष वय, असा हिशेब. वाचताना मला तो एखाद्या छोट्या प्रोग्रामसारखाच वाटला. परदेशात ठरावीक काळ काढलेल्यांना परत पाठवण्याच्या दुसऱ्या योजनेचं नाव तर 'पायथन' होतं! ज्या नावाच्या संगणकभाषेवर माझं पोट चालतं, त्याच नावाकडे ऐंशी वर्षांपूर्वी देवळालीतला शिपाई डोळे लावून बसला होता. १९४५च्या उन्हाळ्यात या योजनेची मुदत तीन वर्षं आठ महिन्यांवरून तीन वर्षं चार महिन्यांवर आणली गेली आणि पलटणी भराभर रिकाम्या होऊ लागल्या.

पण हिशेब कितीही नेटका असला तरी वाट बघणाऱ्याला तो पुरत नाही. १९४६च्या जानेवारीत घरी पाठवायला उशीर होतो म्हणून रॉयल एअर फोर्सच्या हजारो गोऱ्या सैनिकांनी हिंदुस्थानातल्या तळांवर काम थांबवलं. कराचीपासून सुरू झालेला हा संप एकामागून एक तळांवर पसरला. पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारीला, मुंबईत 'तलवार'वरच्या भारतीय नौसैनिकांनी बंड पुकारलं. त्यांची कारणं वेगळी होती. निकृष्ट अन्न, अपमान, आणि त्यामागे स्वातंत्र्याची ओढ. 'तलवार' कुलाब्याला होती, कूपरेजच्या शेजारीच म्हणा ना. शहरात गोळीबार झाला, गिरण्या बंद पडल्या, लोक रस्त्यावर आले. २ सप्टेंबरला दिल्लीत पंडित नेहरूंच्या नेतृत्वाखाली हंगामी सरकार आलं. राज्य जाणार हे ठरलेलं, फक्त तारीख ठरायची होती. अशा वर्षी, अशा शहरात देवळालीच्या छावणीने दुसऱ्यांदा रोव्हर्स जिंकला.

त्या अकरा जणांना तो विजय साम्राज्याचा वाटला असेल का? मला तसं वाटत नाही. बोटीची वाट बघण्यात दिवस जात होते, फुटबॉलमुळे ते जरा लवकर जात असतील, इतकंच. देवळालीच्या तापावर इतकं साधं औषध दुसरं नसेल. माझे सासरे आयुष्यभर तोफखाना विद्यालयाच्या मैदानांशेजारून सायकलने कामावर गेले. त्यांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "अगं, कप जिंकून ते गेले, नाव मात्र आपल्या गावाचं लागलं."

पण गावाचं नाव तरी लागलं. खेळाडूंचं तेही नाही. विजेत्यांची यादी संस्थेचं नाव ठेवते. ब्रिटिश बेस रीइन्फोर्समेंट कॅम्प एवढंच लिहून ती पुढच्या वर्षाकडे जाते. पलटणीला निदान आपला इतिहास असतो, क्लबला आपली म्हातारी मंडळी असतात. रात्री गप्पांमध्ये कुणीतरी सांगतं, तो गोल अमक्याने मारला होता. तात्पुरत्या छावणीला असं कुणीच नसतं. काम संपलं, तंबू उतरले, कागद मिटले. २८ फेब्रुवारी १९४८ला सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन गेटवे ऑफ इंडियातून बाहेर पडली आणि हिंदुस्थानातलं ब्रिटिश सैन्य संपलं. रोव्हर्स कप मात्र पुढे अर्धशतक चालला. आपण शाळेत असताना तो चालू होता. २००१नंतर बंद पडला. आता यादीत नवी ओळ पडत नाही.

हे सगळं शाळेच्या स्मरणिकेत कशाला, असं संपादक मंडळ विचारण्याआधीच उत्तर देते. शाळासुद्धा एका टोकाने मुलं आत घेते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर सोडते. दहा वर्षं म्हणजे तशी छोटीच मुदत. आपण गेलो, बाकं राहिली. फरक इतकाच की देवळालीच्या पोरांचं पुन्हा एकत्र जमणं झालं नाही, आपलं होतं आहे.

मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या मार्गिकेत जुन्या संघांचे फोटो लावले आहेत. फुटबॉल, खो-खो, कबड्डी, मुलींचा थ्रोबॉल. मागच्या महिन्यात स्मरणिकेच्या कामासाठी गेले होते तेव्हा ते एकेक करून वाचले. बहुतेकांखाली शाळेचं नाव आहे, वर्ष आहे, स्पर्धेचं नाव आहे. खेळणाऱ्यांची नावं मोजक्याच फोटोंखाली आहेत. एका फुटबॉल संघात कप हातात घेऊन मधोमध बसलेला मुलगा कोण, हे शिपाईमामांना आठवलं नाही, सरांनाही नाही. पण आपल्यातल्या कुणाला तरी तो नक्की आठवेल. तो कुणाचा तरी बाकावरचा शेजारी होता.

म्हणून एक विनंती. स्नेहसंमेलनाच्या दिवशी जेवणाच्या पंगतीआधी दहा मिनिटं काढून त्या मार्गिकेत या. सगळ्या फोटोंच्या प्रती टेबलावर मांडलेल्या असतील, शेजारी पेन्सिली असतील. डावीकडून उजवीकडे, आधी उभे असलेले, मग बसलेले, अशी नावं लिहा. खात्री नसेल तर शेजारच्याला विचारून लिहा. राखीव खेळाडू आणि पाण्याची बादली घेऊन उभा असलेला मुलगा, यांचीही लिहा. त्या नावांची यादी करून शाळेला देण्याचं काम माझ्याकडे. तेवढं मला येतं.